बारा कासरे

माझा पुतण्या पन्नाशीला आला, तरी रविवार उजाडला की मोठी गाडी घेऊन डोंगरात जातो आणि मुद्दाम चिखलात घालतो. त्याच्यासारखे आणखी दहा-बारा जण आहेत, सगळे नोकरीवाले, दुकानवाले. चांगली सडक सोडून वाईट रस्ता शोधत फिरतात. आम्ही वाईट रस्त्यानं गेलो, कारण दुसरा नव्हता. असो.

मागच्या महिन्यात त्यानं मला नवी पिशवी दाखवली. गाडी अडकली तर ओढून काढायचा लाल पट्टा, लोखंडी कड्या, चाकाखाली घालायच्या नारिंगी फळ्या, वर हातमोजेसुद्धा. मी विचारलं, "उघडून बघितलंस का कधी?"

"काका, सील पॅक आहे."

मग तोच म्हणाला, "ती कुजक्या दोराची गोष्ट लिहून द्या ना. आमच्या ग्रुपवर सगळ्यांना वाचायचीय. बाबा सांगायचे तशी."

बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. एका कुजक्या दोरावर धाकट्या भावानं, म्हणजे मी, पुरातनं जीप काढली आणि त्याचा जीव वाचवला, ही गोष्ट तो लग्नात सांगायचा, पारावर सांगायचा, एसटीत शेजारी बसलेल्याला सांगायचा. मी बाजूला बसून मिशीवरनं हात फिरवायचो.

तर लिहितो. पण तो सांगायचा तशी नाय. झाली तशी.

निजामाच्या राज्यात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी उर्दू दुसरीत होतो. त्यानंतर शाळा मराठी झाली आणि नवे मास्तर म्हणाले, परत पहिलीत बस. मी म्हटलं, मी पहिली पास आहे. ते म्हणाले, ती उर्दूतली. मी पाटी तिथंच ठेवली आणि घरी आलो. बापानं चाबकानं झोडलं, तरी परत गेलो नाय. मराठी पुढं दुकानांच्या पाट्या आणि मैलाचे दगड वाचून शिकलो, तेव्हा माझ्या लिहिण्यात कुणी चुका काढत बसू नये.

मोठा झालो तसा औरंगाबादला शहागंजात एका मिस्त्रीच्या हाताखाली गाड्यांचं काम शिकलो. संभाजीनगर आता म्हणतात, पण तेव्हाची गोष्ट तेव्हाच्या नावानं सांगतो. मिस्त्री पान खाऊन खाऊन लाल झालेला, बारीक माणूस. मिलिटरीच्या लिलावातली एक मोडकी जीप आम्ही दोघांनी मिळून उभी केली, ती माझी झाली. मी पहिल्यांदा गावाकडं निघालो तेव्हा त्यानं जीपभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "मियां, जाने का सामान तो बांध लिया. वापस आने का सामान किधर है?"

परत यायचं सामान त्यानंच मला शिकवलं. फावडं, पहार, जॅक. जॅकखाली घालायला बाभळीचा रुंद ठोकळा, नाहीतर चिखलात गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. चाकाखाली टाकायला दोन फळ्या आणि रिकामी पोती. आणि सगळ्यात महत्त्वाचा, अंबाडीचा चाळीस हात लांब सोल, मनगटाएवढा जाड. विहीर खणताना दगड वर ओढतात तो दोर. त्याचं एक टोक पुढच्या झाडाला बांधायचं, दुसरं मागच्या चाकाच्या मधोमध. चाक जागच्या जागी फिरतं तसं दोर गुंडाळत जातं, आणि गाडी आपली आपण झाडाकडं ओढली जाते. दुसरं कुणी लागत नाय. ही युक्ती कळली त्या दिवशी मी स्वतःला कलेक्टर समजायला लागलो.

फुलंब्रीच्या पलीकडं एसटी जात नव्हती अशा गावांना माणसं आणि माल नेणं हा माझा धंदा झाला. आमचं गावही तिकडंच. गावातनं पक्क्या सडकेला यायला तीन कोस गाडीवाट, आणि मध्ये गिरजा नदी. पूल नव्हता. पाणी घोट्याएवढं असायचं, पण वाळूखाली गाळ. नदीच्या शहराकडच्या काठावर पंधरा-वीस घरांची एक वाडी होती. कुणाची गाडी अडकली की वाडीतले लोक बैल लावून काढून द्यायचे.

एकदा माझीही अडकली. वाडीतला एक म्हातारा, पांढरा पटका, कानात भिकबाळीएवढी बाळी, आपली जोडी घेऊन खाली आला. अगदी चांगल्या मनानं आला होता. मी म्हटलं, "बैल घरी न्या बाबा. ही मोटर हाय, छकडा नव्हं." मग सगळ्यांच्या समोर सोल बांधला, चाक फिरवलं आणि गाडी काठाला लावली. वर जाताना थांबून आणखी बोललो, "शेपट्या पिरगाळायचे दिवस गेले आता."

म्हातारा बैलाच्या पाठीवर थाप मारून माघारी गेला. ते मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

त्यानंतरच्या पोळ्याला मी गावी होतो. पोळा म्हणजे बैलाचा सण. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, कितीही अडलं तरी. आदल्या दिवशी खांद्याला तूप-हळद चोळतात, शिंगं तासून रंगवतात, आणि वेसण, मोरकी, कासरा, सगळी दोरी नवी करतात. भावाच्या दारात खिलारी जोडी होती. सकाळी त्यानं मला हाक मारली, "ये की, पाया पड. वरीसभर ह्यांचंच खातो आपण."

"तुम्ही खाता. मी मोटरीचं खातो."

भावाचं तोंड उतरलं. मी जीपकडं गेलो. सोल ज्यात ठेवायचो ती गोणी मागच्या बाजूला होती तशी होती. तोंडाची गाठ मी बघितली. आमच्या बापानं आम्हाला शिकवलेली दुहेरी गाठ, माझीच. हात फिरवला, गोणी भरलेली. बस्स. माझ्या सामानाला हात लावायची कुणाची छाती नव्हती, असं मला वाटायचं. तशीच गाठ माझ्या भावालाही येत होती, कारण बाप एकच होता, हे मनात आलं नाय.

दुपारनंतर वेशीत तोरणाखाली बैल जमले. मानाच्या जोडीनं आधी जायचं, मग बाकीच्यांनी. मागून रेटारेटी झाली, हलगी जोरात वाजली, आणि भावाचाच बैल बिथरून वळला. तासलेलं शिंग. भावाच्या मांडीत वरच्या बाजूला घुसलं आणि बैलानं मान झटकली.

मी पोचलो तेव्हा वैनी मांडीवर दोन्ही हात दाबून बसली होती आणि बोटांच्या मधून रक्त येत होतं. कुणीतरी पटका दिला, तो घट्ट बांधला. तरी हात काढला की रक्त सुटायचं. गावातला वैद्य नुसतं बघून म्हणाला, "शहरात न्या. हितं माझ्यानं व्हायचं नाय." शहर बारा कोस. पोळ्याच्या दिवशी एकही बैलगाडी जुंपली जायची नाय, दुसरी मोटर गावात नव्हती. माझी जीप होती.

भावाला मागं आडवा घातला. वैनी त्याच्या मांडीवर हात दाबून तशीच बसली. वेशीबाहेर पडलो तेव्हा भाऊ पुटपुटला, "गोणी..."

"काय?"

"गोणी बघ."

मला वाटलं, भ्रम झालाय. म्हटलं, "गोणी हाय. गप पड."

वेरूळच्या डोंगराकडं आभाळ शाईसारखं झालं होतं. आमच्याकडं थेंब नव्हता. पण गिरजा त्या डोंगरातनं येते, आणि तिकडचा पाऊस आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागतो हे मला ठाऊक होतं. नदीवर आलो तर पाणी घोट्याएवढंच, मात्र गढूळ. वर काटक्या आणि पालापाचोळा वाहत होता. थांबून जॅक-फळ्या तयार ठेवायला पाहिजे होत्या. भावाच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि गाडी पाण्यात घातली.

नदीच्या मध्यावर मागचं डावं चाक बसलं. मग उजवं. गिअर बदलला, मागं-पुढं केलं, तशी गाडी आणखी रुतली. पाणी पायदानाखाली चार बोटं. आधी बॉनेट उघडून पंख्याचा पट्टा काढून टाकला, म्हणजे पाणी चढलं तरी पंखा ते इंजिनावर उडवणार नाय. इंजिन चालू ठेवलं. एकदा बंद पडलं तर परत लागेलच याचा भरवसा नव्हता. फळ्या चाकाखाली सारल्या, पोती टाकली. चाकानं पोती मागं फेकून दिली.

"आता सोल," मी मोठ्यानं म्हणालो. मला भीती वाटत नव्हती. सोल होता ना.

गाठ सोडली. गोणीत हात घातला. हाताला लागलं ते मऊ, ओलसर, काळं काहीतरी. बाहेर ओढलं तर विहिरीवरच्या जुन्या मोटेचा दोर. दहा वर्षं कोपऱ्यात पडलेला. त्याला बुरशीचा वास येत होता.

मी भावाकडं बघितलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

"सोल कुठं हाय?"

"बैलांच्या गळ्यात."

"काय?"

"पांढरा शुभ्र होता रे. पदर सुटे करून कासरे वळले. मोरक्या केल्या. गावात कुणाचे नव्हते असे..." त्याला धाप लागली. "पोळा झाल्यावर नवा आणून ठेवणार होतो."

माझ्या डोक्यात आग गेली. तो रक्तानं भिजलेला माणूस, माझा थोरला भाऊ, आणि मी पाण्यात उभा राहून त्याच्यावर ओरडत होतो. "चोरा! मला विचारायला काय झालं होतं? तोंड नव्हतं तुला?"

"तू दिला असतास?"

"नसता दिला!"

"मग!"

"भांडा," वैनी म्हणाली. तिचा आवाज अगदी थंड होता. "दोघं भांडा निवांत. मी हितं रक्त धरून बसते."

भावाची मान कलली, शुद्ध गेली. मी तोच कुजका दोर घेतला, दुपदरी केला, पलीकडच्या काठावर बाभळीच्या खोडाला बांधला, चाकाला गुंडाळला. दोर ताणला. गाडी हलली. एक वीत, दोन विती. वैनीच्या तोंडून "हां" असा आवाज आला. आणि दोर तुटला. मोठा आवाजसुद्धा झाला नाय, भिजलेली चिंधी फाटावी तसा तुटला. गाडी परत आपल्या खड्ड्यात जाऊन बसली. पाणी पायदानाला लागलं होतं.

इथं कुणी विचारेल, भावाला उचलून काठावर का नाय नेला? नेला असता. पण मग पुढं काय? गाडी वाहून गेली असती आणि तो काठावर रक्त जाऊन मेला असता. त्याला शहरात पोचवायला जगात तेवढी एकच गोष्ट होती, ती माझ्या डोळ्यांदेखत बुडत होती.

"वैनी, मी वाडीत जातो."

"जावा. आणि भावजी," ती म्हणाली, "आज तरी नीट बोला."

चढ चढून वाडीत गेलो. दिवस कासराभर उरला होता. वाडीचं तोरण अजून व्हायचं होतं. पारासमोर सहा जोड्या ओळीनं उभ्या, झुली घातलेल्या, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंगं. हलगी वाजत होती. सगळ्यात पुढं तीच जोडी आणि तोच पांढरा पटका.

मला बघून म्हाताऱ्यानं हलगीवाल्याला हात केला. हलगी थांबली.

"या, मोटरवाले. आज पायी?"

कुणीतरी हसलं.

"गाडी अडकली नदीत. आत भाऊ हाय. बैलानं मारलंय, रक्त थांबत नाय. वरनं पूर येतोय."

हसणं थांबलं. म्हातारा म्हणाला, "बैल मागायला आलास व्हय?"

मला नुसतं 'व्हय' म्हणता आलं असतं. माझ्यानं निघालं नाय. म्हटलं, "बैल नको. दोर द्या."

"बैल मी दिलेही नसते. आज जू ठेवायचं नाय, माझा बाप सरणावरनं उठून आला तरी. आणि दोर म्हणशील, तर सगळा नवा दोर त्यांच्याच गळ्यात हाय. जुना आम्ही सकाळी जाळला."

"मग काढा की!"

हे माझं मागणं होतं. असं मागतात का?

म्हाताऱ्याचा मुलगा पुढं आला. "दोर काढला आणि बैल बुजला तर आवरायचा कशानं? तुमच्या भावाला मारलं तसं हितं कुणाला मारलं मंजी?"

त्याचं काही चूक नव्हतं. खालून नदीचा आवाज बदललेला ऐकू येत होता. मघाशी तो खळखळ होता, आता एकसारखा घुमत होता. त्या सगळ्यांनाही तो कळत होता. नदीकाठची माणसं.

म्हाताऱ्याची बायको पुरणपोळीचं ताट घेऊन बैलांच्या समोर उभी होती. ती म्हणाली, "हलगीवाल्याला घरी बसवा. आवाज नसला तर बैल बुजायचा नाय. पोरी मोरक्या धरून उभ्या ऱ्हातील. आणि दोर काढणं म्हंजी काय जू ठेवणं नव्हं. बैल मोकळाच झाला की." मग माझ्याकडं वळली. "पण दोर आमचा नाय. सण त्याचा, दोर त्याचा. त्याला माग."

"त्याला?"

"मग कुणाला? तुझ्या मोटरीला?"

पंधरा-वीस माणसं बघत होती. गेल्या खेपेला मी ज्यांच्यासमोर बोललो होतो तीच सगळी. मी पुढं गेलो. बैलाच्या अंगाला हिंगुळाचा आणि तेलाचा वास येत होता. सकाळी भावाच्या दारातल्या बैलासमोर मी वाकलो नव्हतो. आता परक्याच्या बैलासमोर वाकलो. कपाळ त्याच्या खुराला लावलं. खूर गरम होता.

"दोर दे," मी म्हणालो.

"ऐकू नाय आलं त्याला," म्हातारी म्हणाली.

"दोर दे. माझा भाऊ मरतोय." हे मी ओरडून म्हणालो, आणि माझा आवाज फाटला.

मग कुणी कुणाला काही सांगितलं नाय. सहा जोड्यांचे बारा कासरे बघता बघता सुटले. नवे कोरे, वर्षातला सगळ्यात मजबूत दोर घरोघरी त्याच दिवशी असतो. गुलालानं लाल झालेले, काहींना गोंडे तसेच. चढ उतरता उतरता माणसांनी तीन-तीन एकत्र पिळले आणि असे चार तुकडे एकमेकांना जोडले. म्हातारा सगळ्यांत पुढं पळत होता. त्या वयात.

पाणी सीटच्या खाली दोन बोटांवर आलं होतं. वैनी गुडघ्यावर बसून भावाला वर धरून होती. भाऊ अजून बेशुद्धच होता. इंजिन अजून चालू होतं, धुराड्यातनं बुडबुडे येत होते. मी कमरेएवढ्या पाण्यातनं जाऊन दोर पुढच्या हुकाला अडकवला. चाकाला गुंडाळायला चाक दिसतच नव्हतं.

"झाडाला बांधू?" मी ओरडलो.

"झाड काय ओढतंय व्हय?" म्हातारा ओरडला. "आज बैल आम्हीच!"

पंधरा माणसं दोराला लागली. आणि एवढ्या त्या गोंधळात त्यांना थट्टा सुचत होती.

"ए, मी डावीकडचा बैल हाय, मला उजवीकडं जुंपू नका!"

"हाण, पुरणपोळी मिळंल!"

"हा बसका बैल कुणी आणला रं मागं?"

मी आत चढलो, पहिला गिअर टाकला. दोर ताणला, पिळातनं पाणी निथळलं. गाडी हलली आणि थांबली. एक गाठ सरकली, दोन माणसं पालथी पडली, उठली, शिव्या देत परत दोराला लागली. "होऽऽ" असा एक आवाज आला आणि मला पुढची चाकं कशावर तरी चढल्यासारखी वाटली. डावीकडनं एक अख्खं झुडूप आलं आणि दाराला आपटलं. परत "होऽऽ". वाळू संपली. खाली मुरूम लागला. जीप काठावर चढली तेव्हा माझं फावडं, फळ्या, ठोकळा, सगळं परत यायचं सामान मागं पाण्यात गेलं होतं.

हुकावरची गाठ भिजून दगडासारखी झाली होती. मी दातांनी ओढायला लागलो. म्हाताऱ्यानं मला बाजूला केलं, कमरेचा विळा काढला. सणाच्या दिवशी बैलाचा दोर कापायचा नसतो. त्यानं गोंड्यावरनं आपल्याच बैलाचा कासरा ओळखला आणि तेवढाच कापला, तशी गाठ सैल होऊन सुटली.

"पळ," तो म्हणाला.

मी पळालो. आभार वगैरे काही बोललो नाय. मागं वळून बघितलं नाय.

दवाखान्यात डॉक्टर आमच्यावरच ओरडले, इतका वेळ कुठं होता म्हणून. रक्त चढवलं, टाके घातले. दुसऱ्या दिवशी दुपारी भावानं डोळे उघडले. वैनी कोपऱ्यातल्या नळावर हात धूत होती. कालपासून किती वेळा धुतले असतील.

भाऊ मला बघून रडायला लागला. "कुजका दोर होता रे तो. मीच ठेवला. कसा काढलास?"

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. वेळ होती, जागा होती. मी म्हणालो, "दोर कसला का असंना. गाडी चालवणाऱ्यावर असतं."

नळ बंद झाला. वैनी म्हणाली, "भावजी." तेवढंच. मी तिच्याकडं बघितलं नाय. तिनं पुढं कधीच काही म्हटलं नाय, आणि भावाची गोष्ट सुरू झाली की ती उठून आत जायची.

पुढच्या पोळ्याला भावानं हट्ट धरला, मला नदीवर ने, जागा बघायचीय. तोवर तो काठी घेऊन चालायला लागला होता. मी शहागंजातनं नवा सोल आणला होता. वाडीत द्यायचा, म्हाताऱ्याला काहीतरी बोलायचं, असं मनात होतं. गोणीत घातला, आणि ह्या खेपेला दोनदा उघडून बघितलं.

वाडीत जीप थांबवली तर म्हातारा दारातच बैलांना न्हाऊ घालत होता. माझ्या भावाला बघून त्याचा चेहरा खुलला. मी काही बोलायच्या आत भाऊ काठी टेकत पुढं गेला.

"बाबा, तुम्हाला सांगतो. गेल्या पोळ्याला हितंच, ह्या नदीत, माझा जीव चालला होता. नुसत्या कुजक्या दोरावर माझ्या भावानं जीप बाहेर काढली. कुणी मदतीला नाय, काय नाय. एकट्यानं!"

मी जीपच्या दाराला हात लावून उभा होतो. हात तिथंच राहिला.

म्हाताऱ्याची बायको उंबऱ्यात आली. तिनं तोंड उघडलं. म्हाताऱ्यानं तिच्याकडं न बघता म्हटलं, "तू पोळ्या आण ह्यांना." मग माझ्याकडं बघितलं. भाऊ हसत उभा होता.

"व्हय," म्हातारा म्हणाला. "काठावरनं बघितलं आम्ही. बाका डायवर हाय तुमचा भाऊ."

आणि तो परत बैलाच्या पाठीवर पाणी ओतायला लागला.

सोल मी गोणीतनं काढला नाय. भावासमोर कसा काढणार? तो तसाच घरी आला. नंतर एकटा येऊन देतो म्हटलं. उन्हाळ्यात म्हातारा गेल्याचं कळलं. मग नदीवर पूल झाला आणि वाडीत थांबायचं कारणच उरलं नाय. पुलावरनं जाताना मी सरळ पुढं बघायचो.

आता पुतण्याला सांगतो. ही तुझ्या बापाची गोष्ट. त्याला ती तशीच खरी वाटली होती, त्यानं खोटं सांगितलं नाय. खोटं माझं होतं. दोर कुजका होता आणि तो तुटला. बारा कासरे होते, सहा जोड्यांचे, आणि पंधरा माणसं. मला दोघा-तिघांचेच चेहरे आठवतात, नावं तेव्हाही विचारली नव्हती.

काल मी माळ्यावरची ती गोणी खाली काढली. गाठ माझीच. सोल बाहेर ओढला तर हातात भुसा आला. तेव्हा न्यायला आता काही नाय. पोळा बावीस दिवसांवर आहे. म्हाताऱ्याचा मुलगा असेल, नसला तर त्याची मुलं असतील. तुझी ती मोठी गाडी घेऊन ये, आणि पिशवीचं सील आधी फोड. पुढं मी बसतो. जो कुणी दारात असेल त्याच्याशी मी बोलतो. तू ऐकत उभा राहा.